लेफ्टनबाई

खैरदऱ्याच्या घाटात मी पहिला अपघात बघायला गेलो, तेव्हा तिथं ट्रक होता, फुटलेल्या काचा होत्या, रक्त होतं. पण रस्त्यावर पडलेला माणूस एकही नव्हता.

मी तेव्हा पोलीस शिपाई होतो. संगमनेरहून पुण्याकडं निघालं की घाट लागायच्या आधी खैरदरा गाव येतं. तिथल्या चौकीवर सत्तर सालच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. चौकी म्हणजे दोन कौलारू खोल्या, एक जमादार, आम्ही दोघे शिपाई आणि तिघांत मिळून एक सायकल. तिसऱ्या दिवशी दुपारी वर्दी आली की वरच्या वळणावर कांद्याचा ट्रक उलटलाय. जमादार जेवायला बसले होते. म्हणाले, "शेळके, तू हो पुढं. पंचनामा होईस्तोवर कुणाला हात लावू देऊ नको."

सायकल ढकलत घाट चढलो. कांदे पार कठड्यापर्यंत घरंगळले होते. आणि डांबरावर पांढऱ्या चुन्यानं दोन माणसं काढलेली होती. एकाचा हात डोक्यावर गेलेला, दुसऱ्याचा पाय दुमडलेला. दोघांच्या डोक्याशी चुन्यानंच वेळ लिहिली होती.

कडेच्या दगडावर एक बाई ट्रकच्या क्लीनरचं मनगट बांधत बसली होती. उंच, सडपातळ, काळीसावळी, चाळिशीच्या आसपासची. अंगावर साधी पांढरी साडी, पायांत मात्र नाडीचे काळे बूट. घड्याळ मनगटावर नव्हतं. छातीशी पिनेनं लावलेलं होतं.

"जखमी कुठं आहेत?" मी विचारलं.

"संगमनेरला. टेम्पो चालला होता, त्यात घातले."

"कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या."

"अहो बाई, पंचनामा व्हायचाय अजून."

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली आणि मग माझ्याकडं बघितलं. "माणूस दवाखान्यात आहे. जागा इथंच आहे. पंचनामा जागेचा करा."

मी टेप काढून मापं घेतली. दुसरं करणार काय? पुढं नोकरीत किती तरी पंचनामे केले, पण इतकी चोख खूण मला कुठल्याच पंचानं करून दिली नाही. चुना शाळेचा होता, खो-खोचं मैदान आखायला आणलेला.

त्यांचं नाव एस्तेर साळवे. गाव त्यांना लेफ्टनबाई म्हणायचं, कारण लेफ्टनंट हा शब्द गावाच्या तोंडात बसत नव्हता. त्या नगरजवळच्या भिंगारच्या. लष्करात परिचारिका होत्या, हुद्दा लेफ्टनंटचा. पासष्टच्या लढाईत पंजाबात, तंबूतल्या दवाखान्यात त्यांनी काम केलेलं. लढाई संपल्यावर त्यांनी भिंगारमधलेच जुने शेजारी शांतवन साळवे यांच्याशी लग्न केलं. त्या काळी लष्करातल्या परिचारिकेनं लग्न केलं की तिला नोकरी सोडावी लागायची. साळवे गुरुजी खैरदऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते, म्हणून बाई इथं आल्या. शाळेमागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची.

नोकरी गेली म्हणून कुणी हळहळलं की त्यांना राग यायचा. "गेली नाही. काढली," असं त्या दुरुस्त करायच्या. "गेली म्हणजे चूक माझी. काढली म्हणजे त्यांची."

त्या जेवायच्या उभ्यानं. चहा बशीत ओतून घ्यायच्या नाहीत, कारण त्याला दोन हात लागतात. घाटात कितीही मोठा आवाज झाला तरी त्या पळाल्या नाहीत. भरभर चालायच्या. "पळणारा माणूस आधी स्वतः पडतो, मग दोन उचलावे लागतात," म्हणायच्या. त्यांच्यासमोर कुणी 'अरेरे' म्हटलेलं खपत नसे. अपघाताभोवती जमलेल्या गर्दीत कुणी अरेरे म्हणालं की लगेच त्याच्याकडं बोट. "तुम्ही. मोकळे दिसता. तो पाय धरा." त्यामुळं खैरदऱ्यात लोक मनातल्या मनात हळहळायला शिकले.

घरात एक लाकडी पेटी होती. गुरुजींच्या जुन्या धोतरांच्या पट्ट्या उकळून, वाळवून, वर्तमानपत्रात बांधून तीत ठेवलेल्या. बांबूच्या कामट्या, कात्री, गोणपाटाच्या दोन झोळ्या आणि चुन्याचा डबा. बस्स. औषधं फारशी नव्हतीच. "औषध दवाखान्यात असतं," त्या म्हणायच्या. "माझं काम दवाखान्यापर्यंतचं. माणूस जखमेनं मरतो त्याहून वाटेत जास्त मरतो."

एकदा एका ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखाली चेंगरला. रक्त थांबेना तेव्हा बाईंनी मांडीवर पट्टी आवळली आणि तीत कामटी घालून पिळली. अशी पट्टी फार वेळ राहिली तर पायच जातो, म्हणून कधी बांधली ते पुढच्या डॉक्टरला कळायला हवं. जवळ कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. बघायला उभ्या असलेल्या एका बाईच्या कपाळावरचं कुंकू त्यांनी बोटानं घेतलं आणि ड्रायव्हरच्या कपाळावर वेळ लिहिली. लष्करात तशीच पद्धत होती म्हणे, फक्त तिथं कुंकू नव्हतं. गावात दोन दिवस चर्चा, की किरिस्तावाची बाई गड्यांना कुंकू लावती. पण संगमनेरचा एक तरुण डॉक्टर त्यानंतर खैरदऱ्याहून आलेल्या माणसाची नाडी बघायच्या आधी कपाळ बघायचा.

आता आमच्या पोलिसांबद्दल सांगितलं पाहिजे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला पोलीस येईपर्यंत कुणी शिवायचं नाही, असा तेव्हा रिवाज होता. बरेच दवाखानेही पोलिसाची चिठ्ठी बघितल्याशिवाय जखमीला आत घेत नसत. 'पोलीस केस' एवढे दोन शब्द उच्चारले की भला माणूससुद्धा चार पावलं मागं सरायचा. कांद्याच्या ट्रकनंतर जमादारांनी मला बाईंना समज द्यायला पाठवलं. मी गेलो, सांगितलं, की असं करणं कायद्याविरुद्ध आहे.

"कुठल्या कलमाच्या?" त्यांनी विचारलं.

"असेल ना काहीतरी."

"शोधा. दाखवा. मग बोलू."

मी आठ दिवस चौकीतलं जाडजूड पुस्तक चाळत होतो. जमादारांना विचारलं, तर ते म्हणाले, "कलम कशाला पाहिजे? सगळ्यांना माहीत हाय." आठ दिवसांनी मी शाळेमागं गेलो आणि कबूल केलं की सापडलं नाही.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हांला माहीत व्हावं म्हणून विचारलं."

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. गुरुजींच्या रेडिओभोवती निम्मं गाव जमायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी पत्र टाकलं, की मी कामाला यायला तयार आहे, जिथं पाठवाल तिथं जाईन. उत्तर आलं, पण तोवर लढाई संपली होती. छापील कागद होता; आवश्यकता नाही, एवढाच मतलब. त्यांनी तो वाचला, गुरुजींच्या हातात दिला, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि गावात बाहेर पडल्या. घरोघर फिरून त्यांनी बायकांना शाळेच्या पटांगणावर बोलावलं. आठजणी आल्या.

"लढाई लांब होती," बाई त्यांना म्हणाल्या. "घाट जवळ आहे."

पुरुष का नकोत, असं मी विचारलं होतं. "पुरुष पोलिसाला भितात," त्या म्हणाल्या. "बायका मला भितात."

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. बाजेवर काठोकाठ भरलेली घागर ठेवायची आणि चौघींनी बाज उचलून घाटाच्या पायवाटेनं खाली आणायची. पाणी सांडलं की परत वर. "सांडलं तर माणूस सांडला," एवढंच बोलायच्या. आठ दिवस बायका भिजून घरी जात होत्या आणि नवरे शिव्या देत होते. नवव्या दिवशी घागर जशीच्या तशी खाली आली. त्या चौघींत पुढचं उजवं टोक हौसाचं होतं. हौसा खडी फोडायला जायची. तिच्या खांद्यात दोन गड्यांचं बळ होतं आणि तोंडात चारांचं. बाईंना उलट बोलणारी गावात ती एकटीच, आणि बाईंना सगळ्यांत जास्त आवडायची तीच.

आणखी एक काम होतं. ते गुरुजींचं. घाटात एकाच वेळी पुष्कळ माणसं पडली की बाई एकेकाजवळ वाकून, डोळा बघून, मनगट धरून पुढं जायच्या. एखाद्यापाशी जरा जास्त थांबायच्या. मग सरळ उभं राहून म्हणायच्या, "गुरुजी, इथं बसा." गुरुजी छत्री उघडून त्या माणसावर धरायचे, त्याचा हात हातात घ्यायचे आणि हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहायचे; गावाचं नाव विचारायचे, बैल किती, मुलं किती. तो माणूस वाचणार नसायचा. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कधी कुणी शब्दांत बोललं नाही.

बहात्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या एका मोठ्या घरातल्या तरुण पोराला घाटाखाली ट्रकनं उडवलं. ट्रक थांबला नाही. पोराची जांघ फाटली होती. बाईंनी जखमेत मूठ दाबली आणि ती मूठ तशीच ठेवून, बाजेबरोबर चालत, मग एका मालट्रकच्या हौद्यात गुडघ्यावर बसून त्याला तालुक्याच्या गावातल्या, वाटेत आधी लागणाऱ्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. दवाखान्यानं सांगितलं, पोलीस केस आहे, चिठ्ठी आणा. हौसा बरोबर होती. एका सायकलवाल्याच्या हाती तिनं चौकीला निरोप पाठवला.

निरोप मला मिळाला. मी चिठ्ठी लिहिली. पण शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली जमादारांच्या करगोट्याला. जमादार मळ्यात गेले होते. मी त्यांना शोधलं, शिक्का मारला, वाहन गाठलं. दवाखान्याच्या पायरीवर पोचलो तेव्हा बाई तिथंच बसल्या होत्या. मूठ अजून जांघेतच होती. पोराचा चेहरा पदरानं झाकलेला होता.

मी चिठ्ठी पुढं केली. बाईंनी ती वाचली, शिक्का नीट बघितला आणि परत माझ्या हातात दिली. मला त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोराच्या चुलत्यानं फिर्याद दिली, की बाईनं हलवला म्हणून पोरगा मेला आणि पुरावा नाहीसा झाला. चुलता वजनदार माणूस. तालुक्याचे फौजदार स्वतः चौकीत येऊन बसले. बाईंचा जबाब मी लिहायचा होता. धंदा या रकान्यात मी 'घरकाम' लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं. "खोडा. लेफ्टनंट लिहा. पुढं लिहा, लग्न केलं म्हणून काढलेली."

फौजदार म्हणाले, "बाई, घाबरून गेलात, काय करावं सुचलं नाही, असं सांगा. मिटवून टाकू."

"मी घाबरले नव्हते. मला सुचत होतं."

"तुमच्या मालकांची नोकरी सरकारी आहे. बदली कुठं होईल सांगता येत नाही."

गुरुजी दारात उभे होते. मवाळ माणूस, कधी कुणाला मोठ्यानं बोलला नाही. ते म्हणाले, "साहेब, जिथं होईल तिथं रस्ता असेलच ना?"

फौजदारांनी जबाब पुढं सरकवला. बाईंनी सही करायच्या आधी माझ्या हातून एक वाक्य वाढवून घेतलं: मी हलवला आणि पुन्हा हलवीन.

खटला उभा राहिला आणि जवळजवळ वर्षभर कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला बाई पांढरी साडी नेसून, बूट पुसून, पहिल्या एसटीनं संगमनेरला जायच्या. शेवटच्या सुनावणीला मी साक्षीदार होतो. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, "प्रेत तुम्ही हलवलंत?"

"प्रेत नव्हतं साहेब. माणूस होता. प्रेत पायरीवर झालं."

"पायरीवर किती वेळ होता?"

बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "ते शिपाई सांगतील. त्यांची चिठ्ठी आली तेव्हा तो संपला होता."

मी सांगितलं. निरोप कधी आला, चिठ्ठी कधी लिहिली, किल्ली कुठं होती, शिक्का कधी मारला, सगळं. फौजदार समोर बसले होते. न्यायाधीशांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. बाई निर्दोष सुटल्या. उठता उठता ते म्हणाले, "पुढच्या वेळी काळजी घ्या."

"काळजीच घेते साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणून तर हलवते."

कोर्टाबाहेर आम्ही गाडीवर भजी खाल्ली, त्या अर्थातच उभ्यानं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या पंजाबबद्दल थोडं बोलल्या. तंबूत एकदा शत्रूचा जखमी सैनिक आणला होता. पोटाला लागलेलं. एका अधिकाऱ्यानं म्हटलं, आधी आपले बघा. आपला जो होता त्याला दंडाला ओरखडा होता. "मी म्हटलं, रांग जखमेची असते. माणसाची नसते. त्याबद्दल मला दोन दिवस स्वयंपाकघरात पाठवलं." भज्याचा कागद चुरगाळून त्या म्हणाल्या, "तिथं मी कांदे लवकर चिरायला शिकले."

पाऊस बहात्तरला झालाच नाही. दुष्काळी काम म्हणून घाटाचा रस्ता रुंद करायला घेतला. शेदीडशे माणसं कामाला लागली. हौसा होती, हौसाचा धाकटा भाऊ दगडू होता. दगडू बावीस-तेवीस वर्षांचा, सुरुंगाची भोकं पाडायच्या कामावर. त्र्याहत्तरच्या मार्चात, कोर्टाचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता, भर दुपारी, आदल्या दिवशीचा एक सुरुंग न उडता कपारीत राहिला होता, त्यावर पहार बसली.

मी चौकीतून आवाज ऐकला. वर पोचलो तेव्हा धूळ अजून बसली नव्हती. सातजण जखमी होते. सुटलेल्या दगडांनी रस्ता अडला होता, त्यामुळं गाडी वर येऊ शकत नव्हती. खाली गाडीपर्यंत माणसं खांद्यावर न्यायची होती. सगळ्यांत मोठ्यानं मुकादम ओरडत होता. त्याची दोन बोटं चेचली होती. "मला आधी न्या," तो म्हणत होता. "मी मुकादम हाय."

बाई त्याच्या अंगावरून पुढं गेल्या. "ओरडतोय तो जिवंत आहे," त्या बायकांना म्हणाल्या. "गप्प आहे तिकडं जा."

दरडीला टेकून एक मजूरबाई बसली होती. पोटावर हात, तोंड पांढरं. विचारलं तर म्हणाली, "मला काय न्हाई झालं. जरा गरगरतंय." बाईंनी तिची नाडी बघितली, हात बाजूला केला. पदराला सुपारीएवढंच भोक होतं. "ही पहिली," बाई म्हणाल्या. "हौसा, बाज."

पण हौसा तिथं नव्हती. ती दहा पावलांवर दगडूपाशी बसली होती. पहार त्याच्याच हातात होती. त्याच्या डोक्याचं मी वर्णन करत नाही. श्वास चालू होता.

बाई तिथं गेल्या. वाकल्या. पापणी उचलली, मान बघितली, मनगट धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. मग उठल्या. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "इथं बसा."

हौसानं मान वर केली. "बाई, ह्यो माझा भाऊ हाय."

"माहीत आहे."

"ह्याला आधी न्या. तुमच्या पाया पडते."

"हौसा, हा पोचणार नाही. ती पोचेल. तुझं टोक धर."

मी तिथं उभा होतो. मला वाटलं हौसा बाईंच्या अंगावर धावून जाईल. बाई जागच्या हलल्या नाहीत, नजर खाली घेतली नाही. गुरुजींनी छत्री उघडली. हौसा उठली, दगडूच्या छातीवर एकदा हात ठेवला आणि बाजेकडं गेली. बाज उचलणाऱ्या चौघींतल्या एकीला धुरानं दिसेना, म्हणून मागचं डावं टोक मी धरलं. त्या दगडधोंड्यांतून आम्ही बाज खाली आणली. वाटेत हौसा एकदाही अडखळली नाही. ती मजूरबाई जगली. आम्ही परत वर आलो तेव्हा गुरुजी छत्री मिटत होते.

दुपारनंतर फौजदार आले. मुकादम बोटं बांधून तयारच होता. "मला दीड तास बसवलं साहेब, आन् मजुरांना आधी नेलं."

"पंचनाम्याआधी कुणी हलवलं?" फौजदारांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. कोर्टातली गोष्ट ते विसरले नव्हते.

मी पुढं झालो. "मी, साहेब. माझ्या हुकमानं."

"हे खोटं आहे," बाई लगेच म्हणाल्या. "हुकूम माझा होता. शेळक्यांनी एक टोक धरलं, तेवढं खरं." आणि माझ्याकडं वळून, जरा चिडूनच, "मला कुणाच्या आड उभं करू नका."

बाईंवर पुन्हा गुन्हा दाखल करायचं धाडस फौजदारांना झालं नाही. माझी मात्र कर्जत तालुक्यातल्या एका कोपऱ्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली.

दगडूच्या तिसऱ्या दिवशी बाई हौसाच्या घरी गेल्या. हौसा बाहेर आली नाही. बाई दारासमोर उन्हात तासभर उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मी त्यांना म्हणालो, "वाईट वाटतं का बाई?"

"तिला राग यायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी तिच्या जागी असते तर मला दगडानं मारलं असतं." मग बुटांवरची धूळ झटकत, "पण पुन्हा तसंच करीन. ते तिलाही माहीत आहे. राग त्याचाच आहे."

पंधरा दिवसांनी घाटात जीप उलटली. हौसा आली. पुढचं उजवं टोक तिनं धरलं, काम होईपर्यंत एक शब्द बोलली नाही, पदर झटकून निघून गेली. पुढच्या वेळीही तेच. मी होतो तोवर ती बाईंशी पुन्हा बोलली नाही. पण एकदाही यायची चुकली नाही.

मेच्या अखेरीला मी खैरदरा सोडलं. नाशिकहून पुण्याला जाणारी सकाळची एसटी धरायची, आळेफाट्याला उतरून नगर गाठायचं, तिथून कर्जत. आदल्या दिवशी शाळेमागं निरोप घ्यायला गेलो होतो, पण बाई घरी नव्हत्या. ट्रंक टपावर चढवून मी खिडकीशी बसलो. गाडी गच्च भरलेली.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीनं करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध लेफ्टनबाई उभ्या होत्या, हात आडवा करून. बाजूला एका दाराच्या फळीवर एक धनगर बांधून ठेवला होता. मेंढरामागं कड्यावरून पडलेला. त्याचं डोकं हौसानं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं होतं.

बाई दार उघडून आत चढल्या. "सगळे खाली उतरा. फळी बाकांवर आडवी ठेवायची आहे. गाडी संगमनेरला परत जाणार."

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, गाडी उलटी नेता येत न्हाई. माझी नोकरी जाईल."

"माझी काढली होती," बाई म्हणाल्या. "माणूस मरत नाही त्यानं. हा मरेल."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडं बघितलं, मग खाली फळीवरच्या माणसाकडं. माणसं कुरकुरत उतरू लागली. एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले, की पुण्याला त्यांचं महत्त्वाचं काम आहे. बाईंनी त्यांच्याच हातात फळीचं एक टोक दिलं.

मी समोर आलो तेव्हा त्या एक क्षण थांबल्या. "बाई, मी आज चाललो," मी म्हणालो.

"माहीत आहे. वर चढून ट्रंक काढा. टपावर वजन नको, वळताना गाडी झोकांडेल."

मी ट्रंक काढली. फळी आत गेली. हौसा डोकं तसंच धरून फळीबरोबर आत सरकली. बाई दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसल्या, घड्याळ बघितलं, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू. पण थांबायचं नाही. भोंग्यावरचा हात काढू नका."

त्या अरुंद घाटात ड्रायव्हरनं चार वेळा मागंपुढं करून गाडी वळवली. मागच्या काचेतून मला बाईंची पाठ दिसली, आणि त्यांच्याजवळ हौसाचं वाकलेलं डोकं. मग गाडी उताराला लागली. आम्ही पन्नासएक माणसं बोचकी, पिशव्या, कोंबड्यांच्या डालग्यांसह रस्त्यावर उभे राहिलो. गाडी वळणाआड गेली तरी भोंगा ऐकू येत होता. खालच्या वळणावर, मग त्याच्याही खालच्या. तो थांबला नाही, नुसता लांब लांब जात राहिला.